गुपित आणि राखणदार

दर्यापूर हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. चंद्रभागेच्या काठचे, कापूस, तूर आणि हरभऱ्याच्या बाजाराचे, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडणारे. पीकविम्याच्या किंवा पीएम किसानच्या ई-केवायसीच्या दिवसांत अशा गावातील एखाद्या सेवा केंद्रात घटकाभर उभे राहिले, तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडते: ‘नंबर आला काय काकाजी? सांगा बरं.’ काकाजी बंडीच्या खिशातून मोबाईल काढतात. आलेला संदेश त्यांना वाचता येत नाही, म्हणून मोबाईलच केंद्रचालकाच्या हाती देतात. तो सहा आकडे वाचतो, संगणकात भरतो, मोबाईल परत करतो आणि रांगेतील पुढच्या माणसाला हाक मारतो. या व्यवहारात काही गैर घडले असे काकाजींना वाटत नाही, केंद्रचालकालाही वाटत नाही, आणि मागे उभ्या असलेल्या रांगेला तर फक्त रांग पुढे सरकण्याशी कर्तव्य असते.

त्या सहा आकड्यांबरोबर बहुधा आणखी एक वाक्य आलेले असते: हा क्रमांक कोणालाही सांगू नका. ज्याला सांगू नये असे तो संदेश बजावतो, तोच तो संदेश वाचून दाखवीत असतो. भाषेच्या दृष्टीने ही स्थिती विलक्षण म्हणावी लागेल. निषेधाचे वाक्य त्याच्या खऱ्या संबोधितापर्यंत पोहोचतच नाही. पोहोचते ते ज्याच्याविरुद्ध ते उच्चारलेले आहे त्याच्यापर्यंत. आणि तरीही कायद्याच्या व बँकेच्या लेखी ते वाक्य काकाजींना ‘कळवले’ गेलेले असते.

येथे उपस्थित होणारा प्रश्न तांत्रिक नाही. गुपित सांगून टाकणारा माणूस नेहमीच दोषी असतो काय, असा तो प्रश्न आहे. त्याला जोडून दुसराही एक प्रश्न येतो: ज्याला गुपित सांगितले गेले, त्याच्यावर कोणते दायित्व येते? आपल्या सध्याच्या व्यवहारनीतीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊन ठेवले आहे आणि दुसरा जवळजवळ विचारलेलाच नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोठे लिहिलेले आहे हे सांगता येते. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाचे दायित्व किती, याविषयी परिपत्रक काढले. ते अनेक अर्थांनी ग्राहकाच्या बाजूचे होते. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रसंगी तीन कामकाजी दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर काहीही भार पडू नये, असे त्यात म्हटले होते. ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच टाकला होता. परंतु ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्यास दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सगळे नुकसान त्याचेच. देणे म्हणजे हयगय, हे समीकरण तेथे गृहीत धरलेले आहे. मुंबई-पुण्यातील खातेदाराच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी न्याय्यही ठरेल. त्याला वाचता येते, फोन त्याचा एकट्याचा असतो, आणि न सांगता काम करून घेण्याचा मार्ग त्याच्यापुढे उघडा असतो. काकाजींपुढे असे तिन्ही मार्ग बंद असतात. न सांगितले तर हक्काचा हप्ता येत नाही. सांगितले तर नुकसानीची जबाबदारी आपली. ज्या कृतीवाचून हक्क मिळत नाही, तीच कृती हयगय ठरवणारी नीती अपुरी आहे एवढे तरी मान्य करावे लागेल.

हा अपुरेपणा कोठून येतो हे पाहण्यासाठी शब्दांकडे वळणे उपयोगी ठरते. १८९० साली सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये खासगीपणाच्या अधिकारावर जो निबंध लिहिला, त्याच्या मुळाशी बातमीदार आणि झटपट छायाचित्र यांचा उपद्रव होता. माणसाला त्याच्या एकटेपणात राहू द्यावे, ही त्यांची मध्यवर्ती कल्पना. त्या कल्पनेत एक घर गृहीत आहे, घराला दार आहे, दाराला कडी आहे आणि आत बसलेला माणूस आपल्या कागदांचा स्वतः वाचक आहे. आजच्या पासवर्डची सारी मांडणी याच घराच्या नमुन्यावर झाली. ‘लॉगिन’, ‘किल्ली’, ‘कुलूप’ हे शब्द उगाच आलेले नाहीत.

मराठीत मात्र या कल्पनेसाठी जे शब्द वापरले जातात त्यांचा इतिहास निराळा आहे. ‘खासगी’ हा फारसीतून आलेला शब्द मराठेशाहीत राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नासाठी वापरला जाई. होळकरांच्या राज्यात दौलत आणि खासगी यांचा हिशेबच वेगळा असे. म्हणजे खासगी ही एके काळी सर्वांची नव्हे, राजाराण्यांची वस्तू होती. ‘गोपनीय’ या शब्दाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. ‘गुप्’ या धातूचा संबंध व्युत्पत्तिकार ‘गोप’, म्हणजे गाई राखणारा, या शब्दाशी जोडतात. जे गोपनीय ते मुळात राखण्याजोगे. झाकणे ही त्या राखण्याची एक रीत. वॉरन-ब्रँडाइस यांच्या कल्पनेत खासगीपणाला एकच माणूस पुरतो. ‘गोपनीय’ या शब्दात मात्र निदान दोन घटक लागतात: जे राखायचे ते आणि जो राखतो तो. दर्यापूरच्या सेवा केंद्रातील प्रसंग पहिल्या कल्पनेत बसत नाही. दुसऱ्या कल्पनेत तो बसतो, आणि त्या चौकटीत तपासला की दोषाची जागाही बदलते.

राखण्याच्या या नीतीचा एक मोठा प्रयोग वऱ्हाडातच घडून गेला आहे. याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते या परिसरात. श्रीचक्रधरांना प्रत्यक्ष पाहिलेल्या स्त्रीपुरुषांकडे जाऊन, त्यांच्याकडून ऐकून, पडताळून त्यांनी लीळा लिहिल्या. नागदेवाचार्यांनी ग्रंथरचनेसाठी संस्कृताऐवजी मराठीचा आग्रह धरला, तो संस्कृत न जाणणाऱ्या साध्या म्हाताऱ्या बाया वंचित राहू नयेत म्हणून, हे सर्वश्रुत आहे. मराठी गद्याच्या आरंभीच असे एक दार सताड उघडलेले दिसते. आणि त्याच पंथाने पुढे, चौदाव्या शतकापासून, आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले. सकळ, सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशी त्यांची नावे. रवळोबासांच्या नावाशी जोडलेल्या सकळ लिपीत एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण किंवा चिन्ह योजलेले असते; किल्ली हाती नसलेल्यास ते पान म्हणजे अक्षरांचा गोंधळच. आजच्या संगणकशास्त्रात ज्याला कूटलेखन म्हणतात, त्याचा हा अस्सल मराठी अवतार.

भाषा उघडी आणि लिपी बंद, हा विरोधाभास वरवरचा आहे असे म्हणून सोडून देता येणार नाही. परक्या राजवटीची धामधूम, सनातन्यांचा रोष, आपल्या आचारविचारांची विटंबना होण्याचे भय ही कारणे अभ्यासकांनी दिली आहेत आणि ती खरीही असतील. परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे की, त्या लिपीची किल्ली कोणा एकट्याची नव्हती. ती उपदेश घेतलेल्यांच्या समूहात, गुरूकडून शिष्याकडे, माणसामाणसांतून जात असे. किल्ली मिळणे आणि राखण्याची जबाबदारी येणे या दोन गोष्टी एकाच क्षणी घडत. म्हाताऱ्या बायांसाठी म्हणून जी भाषा निवडली, तिचा करार लिपी बंद झाल्यावरही मोडला नाही. ज्या बाईला सकळ लिपी वाचता येत नसेल तिला वाचून दाखवणारा कोणीतरी पंथात असेच, आणि वाचून दाखवणे हे त्याचे कर्तव्य होते. त्यासाठी त्या बाईला कोणी हयगयीचा दोष दिला नसता.

या प्रयोगाची किंमतही मोजावी लागली, ती लपवण्यात अर्थ नाही. लिपीने ग्रंथ राखले, पण पंथाची प्रतिष्ठा राखता आली नाही. जे वाचता येत नाही त्याविषयी लोक वाटेल ते बोलू लागतात. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण मराठीत रुजली, ‘मानभावी’ हा शब्द ढोंगाला पर्याय झाला, आणि शतकानुशतके या समाजाला स्वतःची बाजू मांडता येईना, कारण पुरावा त्यांनीच कुलूपबंद केलेला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्या परिश्रमांतून तो वाङ्मयभांडार मराठी वाचकांसमोर आला. आज रिद्धपुरास मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहत आहे. परंतु आणखी एक गोष्ट अशी की, ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाल्यावर तिचे पाठ पुन्हा उभे राहिले ते अनुयायांच्या स्मरणातून, असे परंपरा सांगते. तेथे कुलूप उपयोगी पडले नाही. ज्यांना सांगितलेले होते ती माणसे उपयोगी पडली.

किल्ली देण्याघेण्याला नाते असते, हे रिद्धपूरचे सूत्र ध्यानात ठेवून अंगठ्याकडे वळता येईल. वऱ्हाडच्या कुणब्याचा सहीशी संबंध फार उशिरा आला. त्याआधी होता तो अंगठा. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली शेंडगावचा. हे गाव तेव्हाच्या दर्यापूर तालुक्यातले. त्यांचे बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाच्या घरी गेले. मामाची जमीन सावकाराने कागदपत्रांच्या जोरावर गिळंकृत केल्याची हकीकत बाबांच्या सर्व चरित्रांत येते. मामाला कागद वाचता येत नव्हता. जो कागद वाचणारा होता तोच लाभधारक होता. काकाजी आणि केंद्रचालक यांच्यातील प्रसंगाची ही काळी आवृत्ती. मामाची हयगय झाली, असे कोणी म्हणेल काय? बाबांनी पुढे आयुष्यभर कीर्तनातून शिक्षणाचा जो घोष केला त्याच्या मुळाशी हा अंगठा आहे. त्यांच्या शिकवणीचा रोख अंगठा देणाऱ्याच्या अज्ञानावर होता, तितकाच त्या अज्ञानावर जगणाऱ्यावरही होता. आज सावधगिरीच्या जाहिरातींत पहिला रोख शिल्लक राहिला आहे, दुसरा निघून गेला आहे.

अंगठाही संपलेला नाही. आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढण्यासाठी खेड्यापाड्यांतील बँक मित्राच्या यंत्रावर आजही अंगठाच टेकवावा लागतो. देशाच्या काही भागांत जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे उतरवून घेऊन त्यांच्या नकलांनी खात्यांतील पैसे काढल्याचे गुन्हे उघडकीस आले. जमीन विकताना वा गहाण टाकताना उमटवलेला ठसा वर्षांनंतर खाते उघडण्यास कामी आला, हे वाचताना दापुऱ्याची आठवण न होणे कठीण. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. आधारची यंत्रणा हा ठसा कुलूपबंद करण्याची सोय देते, आणि ज्याला यंत्रावर पैसे काढायचे नाहीत त्याने ती वापरणे शहाणपणाचे. पण ही सोय मिळवायला पुन्हा मोबाईलवर क्रमांक येतो, आणि तो वाचायला पुन्हा कोणीतरी लागतो.

महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या तेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले. त्या क्रमांकांच्या अनिवार्यतेला आव्हान देणाऱ्या खटल्यातूनच सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७ चा निर्णय निघाला. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्राने १९७६ च्या जबलपूर प्रकरणातील बहुमताचा निर्णय रद्दबातल ठरवला, आणि त्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. घराण्यातील ही खासगी गोष्ट सार्वजनिक न्यायाच्या पानावर अशी उमटली, हे योगायोगापुरतेच नमूद करणे बरे. अधिक महत्त्वाचे हे की, गरिबाला भाकरी हवी, खासगीपणा हा श्रीमंतांचा चोचला, हा युक्तिवाद न्यायालयाने स्पष्टपणे फेटाळला.

त्याच पावसाळ्यात वऱ्हाडात काय चालले होते? राज्य शासनाने त्या वर्षी दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीची योजना जाहीर केली होती. अर्ज ऑनलाईन भरायचे होते, पती-पत्नी दोघांचीही माहिती द्यायची होती, आणि सेवा केंद्रांपुढे रात्री उशिरापर्यंत रांगा लागत होत्या. अर्ज भरून झाल्यावर अर्जदारांच्या याद्यांचे गावोगाव चावडीवाचन ठरले. हेतू असा की, खोटी नावे गावानेच वेगळी काढावीत. हेतूत दोष काढता येणार नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब सार्वजनिक असावा हे तत्त्वही मान्य. परंतु दिल्लीत खासगीपणा मूलभूत ठरला त्याच हंगामात कर्जबाजाऱ्यांची यादी चावडीवर वाचली जावी, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने तरी नजरेआड करू नये. यानंतरच्या, २०२० च्या कर्जमुक्ती योजनेतही याद्या ग्रामपंचायतीत आणि बँकेच्या शाखांत लावल्या गेल्या. धनिकाचे कर्ज त्याच्या आणि बँकेच्या मध्ये राहते. शेतकऱ्याचे कर्ज फलकावर येते.

मिखाइल बाख्तीनने १९३०च्या दशकात कादंबरीच्या स्थलकालावर लिहिताना एक निरीक्षण नोंदवले आहे. खासगी जीवन स्वभावतः बंद असते, त्याला कोणी प्रेक्षक नसतो. म्हणून त्याचे चित्रण करू पाहणाऱ्या साहित्याला डोकावावे लागते, कान लावावे लागतात. अपुलेयसच्या गाढवासमोर माणसे काही लपवीत नाहीत, आणि पुढच्या कादंबऱ्यांत नोकर हा मालकाच्या खासगी जीवनातील कायमचा तिसरा माणूस होतो. बाख्तीनच्या मांडणीत डोकावणारा खालच्या पायरीवर आहे, ज्याच्याकडे डोकावले जाते तो वरच्या. वऱ्हाडात ही उतरंड उलटी झाली. येथे वाचणारा वर आहे, वाचला जाणारा खाली. आणि त्याला डोकावावेही लागत नाही, कारण दार आतून उघडून कागद त्याच्या हाती द्यावा, अशीच योजनेची अट असते.

या उलथापालथीचे सर्वांत दुःखद रूप आत्महत्येच्या चौकशीत दिसते. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देण्याची पद्धत पडली. त्यासाठी मृत व्यक्ती शेतकरी होती, कर्ज बँकेचे वा परवानाधारक सावकाराचे होते, परतफेडीचा तगादा होता, हे सिद्ध व्हावे लागते. चौकशीअंती प्रकरण ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरते. मराठी समीक्षेला हा शब्द निराळ्या अर्थाने परिचित आहे. पात्र म्हणजे लायक, आणि पात्र म्हणजे कथेतील व्यक्तिरेखाही. मागे राहिलेल्या बाईला मदतीस पात्र ठरायचे तर आपल्या नवऱ्याला एका ठरावीक कथानकातील पात्र म्हणून उभे करावे लागते: तो कसा वागत होता, काही व्यसन होते काय, घरात भांडण झाले होते काय, शेवटच्या दिवशी काय बोलला. जे कोणालाही सांगू नये असे तिला वाटत असेल ते पंचनाम्यात लिहिले जाते, आणि जे तिला सांगायचे असेल त्यासाठी रकाना नसतो. कादंबरीकाराने असा आतला भाग लिहिला तर त्याच्याकडून संयमाची, सहानुभावाची अपेक्षा समीक्षक करतो. पंचनाम्याच्या लेखकाकडून ती अपेक्षा कोणी करायची?

घराला दार असले की आतले सुरक्षित, ही वॉरन-ब्रँडाइस यांची धारणा स्त्रियांच्या बाबतीत याहून आधीच डळमळीत झालेली होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ सालची, म्हणजे हार्वर्डच्या निबंधाच्या आठ वर्षे आधीची. घराच्या दारामागे काय चालते आणि त्याचा दोष मात्र कोणाच्या माथी मारला जातो, हे तिने वऱ्हाडातून लिहून ठेवले. आजच्या व्यवहाराला हे तंतोतंत लागू पडते. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत दरमहा दीड हजार रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये जी ई-केवायसी आवश्यक झाली, तीत तिच्याबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली, आणि तिचा क्रमांक त्या पुरुषाच्या मोबाईलवर जाऊ लागला. पती सोडून गेलेल्या, पतीपासून जीव वाचवून माहेरी आलेल्या, वडील हयात नसलेल्या बायांची यात कोंडी झाली, हे सांगायला नको. उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाची असल्यामुळे कुटुंबाची पडताळणी हवी, हा शासनाचा तर्क आहेच. परंतु ‘कोणालाही सांगू नका’ या उपदेशातील ‘कोणालाही’मध्ये नवरा येतो की नाही? बँकेच्या दृष्टीने येतो, योजनेच्या दृष्टीने येत नाही. उपदेशाची आणि अटीची भाषा इतकी परस्परविरोधी असताना पाळणाऱ्याने नेमके काय पाळावे?

यावर सुशिक्षित वाचकाचा आक्षेप अपेक्षित आहे. राखणदाराचे दायित्व वगैरे ठीक. पण उद्या फोनवर गोड बोलणाऱ्या भामट्यालाही काकाजी असाच क्रमांक सांगतील, त्याचे काय? आक्षेप खरा आहे. दूरच्या अनोळखी आवाजाला काहीही सांगू नये, हे शिकवलेच पाहिजे. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तक्रार केली तर ते पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते, हेही प्रत्येक चावडीवर लावले पाहिजे. पण भामट्याला सांगण्याची सवय लागते कोठे? महिन्यातून दोनदा शासनमान्य केंद्रात सांगून ती पक्की होते. व्यवस्था स्वतः जे वळण लावते, त्याचा लाभ भामटा घेतो, आणि दंड मात्र काकाजी भरतात. ‘सांगू नका’ हा उपदेश व्यवस्थेने आधी स्वतःला करावयास हवा होता.

केंद्रचालकाविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. तो बहुधा त्याच भागातील पदवीधर मुलगा असतो, दर अर्जामागे थोडके पैसे मिळवणारा, सर्व्हर बंद पडला की शिव्या खाणारा. त्याच्याकडील वहीत अनेक घरांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि पासवर्ड लिहिलेले असू शकतात. ती वही त्याने चोरीसाठी ठेवलेली नसते. माणसे पासवर्ड विसरतात आणि पुन्हा त्याच्याकडेच येतात म्हणून ठेवलेली असते. तो आजचा राखणदार आहे, पण त्याला राखणदार म्हणून कोणी नेमलेले नाही, शिकवलेले नाही, त्या पदाची प्रतिष्ठाही दिलेली नाही. आर. के. नारायण यांच्या मालगुडीतील एका कथेत थानप्पा नावाचा पोस्टमन आहे. एका घरी लग्न तोंडावर असताना दुःखद वार्ता आणणारे टपाल तो स्वतःजवळ ठेवून घेतो आणि लग्न पार पडल्यावर देतो. नियमाने पाहिले तर तो गुन्हेगार, आणि ते त्याला ठाऊकही आहे. दुसऱ्याचे पत्र हाती असणे म्हणजे काय याची जी जाण त्याला आहे, तिच्यासाठी सेवा केंद्राच्या नियमावलीत शब्द नाही.

शब्द मुळीच नाही असेही नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने दुसऱ्याची माहिती वापरणाऱ्यास ‘डेटा फिड्युशिअरी’ म्हटले आहे, म्हणजे माहितीचा विश्वस्त. मालक, ग्राहक, कंत्राटदार हे शब्द टाळून कायद्याने विश्वस्त हा शब्द निवडला, यात ‘गोपनीय’ या शब्दातील जुना राखणदार नकळत परत आला आहे. ज्याच्याकडे ठेव आहे त्याने ठेवीदाराचे हित आपल्या हिताच्या वर ठेवावे, हा विश्वस्तपणाचा मूळ अर्थ. मात्र त्याच अधिनियमाच्या १७व्या कलमाने शासनाच्या यंत्रणांना सुरक्षा, सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी अधिसूचना काढून त्यातून वगळण्याची मुभा केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवली. सर्वांत मोठी वही ज्याच्याकडे, तोच राखणदारीच्या शपथेतून बाहेर राहू शकतो. रिद्धपूरच्या परंपरेत किल्ली आणि जबाबदारी एकत्र येत. येथे त्या दोन्ही कायद्यानेच सुट्या केल्या आहेत.

दर्यापूरच्या त्या केंद्रात यापैकी काहीही ठाऊक नसताना एक साधा प्रयोग करता येण्यासारखा आहे, आणि कोठे कोठे एखादा केंद्रचालक तो करीतही असेल. समजा, तो म्हणाला, ‘काकाजी, मले नका सांगू, तुमीच दाबा,’ आणि त्याने कळफलक फिरवून त्यांच्यासमोर ठेवला. आकडे काकाजींना ओळखता येतात. एसटीची पाटी आणि आडतीच्या पट्टीवरचे वजन ते रोज वाचतात. ते चष्मा पुसतात, मोबाईल डोळ्यांजवळ नेतात, एक आकडा पाहतात, तो कळफलकावर शोधतात, दाबतात, पुन्हा मोबाईलकडे वळतात. चौथ्या आकड्यापाशी मोबाईलचा पडदा काळा होतो, तो पुन्हा उजळावा लागतो. मागून कोणीतरी म्हणते, ‘अबे, तूच भरून टाक ना बाबू, बस निघून जाईन.’ सहावा आकडा दाबला जातो तेव्हा मुदत संपल्याचे पडद्यावर येते. केंद्रचालक रांगेकडे पाहतो, मग काकाजींकडे, आणि नवा क्रमांक मागवण्यासाठी बटण दाबतो.